मागच्या चाकाच्या तेलगळतीबाबत

कै. सौ. उज्वला पुरुषोत्तम खैरनार हिस,

पुरुषोत्तमचा सप्रेम आणि संतप्त नमस्कार. (पत्नीस आशीर्वाद लिहिण्याची रीत आहे, हे मला ठाऊक आहे. परंतु तू आता जिथे आहेस तिथून आशीर्वाद इकडे यावयाचे असतात, इकडून तिकडे जात नाहीत, सबब नमस्कार. 'कै.' हे अक्षरही मी पुष्कळ विचारांती लिहिले आहे. ज्या व्यक्तीस ते लागू होते तिला पत्र लिहिता येत नाही, आणि जिला पत्र लिहिता येते तिला ते लागू होत नाही. महाविद्यालयात हयातभर तर्कशास्त्र शिकवूनही हा विरोध मला सोडवता आलेला नाही. तुझ्या नावात दोन ज असावयास हवेत, ही माझी भूमिका लग्नापासून आजतागायत कायम आहे. तथापि तुझ्या शाळेच्या दाखल्यावर एकच होता, आणि त्यावरून तू ज्या आवेशाने भांडत असस तो आवेश सध्या घरात कोणाकडेच शिल्लक नसल्यामुळे मी आपण होऊन माघार घेत आहे.)

तुझ्या प्रकृतीची चौकशी कशी करावी हे न समजल्यामुळे माझ्याच प्रकृतीची हकीकत कळवतो. गुडघे होते तसेच आहेत. साखर नियंत्रणात आहे, कारण गोड करून घालणारे कोणी नाही. रक्तदाब मात्र वाढला असून, चिडू नका, असे डॉक्टरांनी बजावले आहे. मी त्यांना विचारले की, ज्याच्या पदरी शाफ्टची एक जुनी मोटारसायकल, ती दुरुस्त करणारे दोन विद्वान आणि आपली मोलकरीण लंकाबाई एवढा गोतावळा आहे, त्या माणसाने न चिडता राहण्याची रीत कोणती? त्यांनी गोळी वाढवून दिली. पत्रास कारण ही गाडीच होय. ती गळत होती. तू गेलीस आणि थोड्याच दिवसांत तिने गळावयास आरंभ केला. तुझ्या हयातीत (हे मी जबाबदारीने लिहीत आहे) तिने थेंबही सांडलेला नव्हता.

गाडीचा पूर्वेतिहास तुलाच सांगणे हास्यास्पद आहे. परंतु वर्षभर माझ्या मनात हा खटला चालू असून वादी या नात्याने तो आरंभापासून मांडणे मला भाग आहे. अंबडच्या ज्या कारखान्यात तू ड्रॉइंग विभागात होतीस, तिथे आलेला एक परदेशी इंजिनिअर मायदेशी परतताना ती अवजड गाडी मागे ठेवून गेला. कारखान्यातील एकाही पुरुषाला तिच्यावर बसण्याचे धैर्य झाले नाही, म्हणून तू ती घरी आणलीस. (मला न विचारता. मी उत्तरपत्रिका तपासत होतो. खाली भूकंप व्हावा तसा आवाज झाला म्हणून गॅलरीत आलो, तर भूकंपावर तू बसलेली होतीस.) 'अहो, हिला साखळीच नाही,' तू खालूनच ओरडलीस, 'आतून दांडा फिरतो! पदर अडकायची भीतीच नाही!' साऱ्या इंदिरानगरने ते ऐकले. पुढे त्याच गाडीच्या मागच्या आसनावर बसून मी महाविद्यालयात जात असे. विद्यार्थी हसत, मी छत्री सरळ धरून बसत असे. मागच्या चाकाच्या मधोमध जो लोखंडी गोळा आहे, ज्यात तो दांडा येऊन दातेरी चाकांना भिडतो आणि ज्यात इंजिनापासून वेगळे असे तेल घालावे लागते, त्या गोळ्यास तू 'मारुती' म्हणत असस. सगळी शक्ती शेपटीच्या टोकाला, हे तुझे स्पष्टीकरण. मी तेव्हाच म्हटले होते की, यंत्राच्या भागांना देवांची नावे ठेवू नयेत, घोटाळे होतात. माझे ऐकले गेले नाही. (हे वाक्य कृपया पुन्हा एकदा वाचावे.)

जाण्यापूर्वी तू सर्वांसमक्ष सांगितलेस की, गाडी फलकला द्यावी. तुझ्या इच्छेस माझा विरोध नव्हता व नाही. वडाळा रोडच्या ज्या मासूमाभाभींच्या अंगणातला गाळा तू गाडीसाठी भाड्याने घेतला होतास, त्यांचीच ही मुलगी; गाडी चालवणे ती तुझ्याकडून त्याच अंगणात शिकली, आता अंबडला नोकरी करते, आणि तू गेल्यापासून दर रविवारी गाडी स्टँडवर चढवून, मागचे चाक अधांतरी फिरवून, इंजिन जिवंत ठेवत आली आहे. इतका जीव लावणारी दुसरी व्यक्ती मिळणार नाही, हे मी जाणतो. माझे म्हणणे एवढेच होते की, गळकी वस्तू कोणास देऊ नये. त्यातून ही गळती मागच्या चाकाची. तेल आधी रिमवर उतरते, रिमवरून टायरवर, आणि तेलकट टायर वळणावर काय करतो हे सांगावयास इंजिनिअर लागत नाही. ती म्हणाली, 'काका, थोडंसं गळतंय, गळू द्या ना. मी रोज पुसून घेईन.' मी म्हटले, 'घसरलीस तर तुझ्या काकूला मी काय उत्तर देऊ?' ती म्हणाली, 'काका, काकू आता कुठे विचारणारेत?' मी म्हटले, 'म्हणूनच उत्तर देणे अधिक कठीण आहे.' त्यावर मासूमाभाभींनी आतून चहा पाठवला आणि विषय थांबला. तेव्हा तुझ्या वर्षश्राद्धापूर्वी गळती बंद करून गाडी फलकच्या स्वाधीन करावी, असे मी जाहीर केले. जाहीर करणे ही चूक झाली, कारण ते तुझे बंधू कारभारी यांनी निफाडला ऐकले, आणि तेव्हापासून त्यांचा दर आठवड्यास फोन येतो. 'दाजी, लय झालं आता. नाय थांबत ती गळती. टेम्पो धाडतो, द्या इकडं लावून. द्राक्षाच्या शेडात उभी करतो, फवाऱ्याचा पंप जोडतो तिला.' तुझ्या गाडीस औषधफवारणीचा पंप! मी फोन ठेवतो. ते पुन्हा करतात.

दुरुस्तीस प्रथम शौकत आला. त्याचे नाशिकच्याच द्वारका चौकाजवळ गॅरेज आहे. इंजिनास कान लावून रोग ओळखतो अशी त्याची ख्याती असून ती त्याने स्वतःच पसरवलेली आहे. त्याने मारुतीस कान लावला, डोळे मिटले आणि म्हणाला, 'सर, टेन्शन घेऊ नका. गाडी म्हातारी झाली की तिला घाम येतो.' मी त्यास घाम, पाझर आणि गळती या तीन शब्दांतील भेद उदाहरणांसह समजावून सांगितला. त्याने तो शांतपणे ऐकला आणि म्हणाला, 'बरोबर, सर. तर हा घाम आहे.' मग दांड्याच्या सांध्यावरचा रबरी बूट त्याने बदलला. गळती चालू राहिली. खाली वर्तमानपत्र अंथरून ठेवावे म्हणजे थेंब नेमका कुठून पडतो ते कळेल, असा सल्ला त्याने दिला. मी अंथरले. थेंब संपादकीयावर पडला. एवढेच कळले.

त्यानंतर अंबडहून एक तज्ज्ञ आणवले. हे गृहस्थ पांढरे हातमोजे घालून येतात आणि आधीच्या माणसाचे काम पाहून मान हलवतात. त्यांच्या विद्येचा पूर्वार्ध एवढाच. उत्तरार्धात त्यांनी चाकाकडील मोठे सील (तेल अडवणारी रबरी कडी) खराब ठरवले, नवे परदेशातून मागवले, ते येईपर्यंत आपण सारे थांबलो (तुझे थांबणे वगळून), आणि ते बसवल्यावर 'आता तुमच्या नातवापर्यंत बघायला नको' असे आपल्यासारख्या निपुत्रिकांस सांगून ते निघून गेले. सोमवारी जमीन कोरडी. मंगळवारी कोरडी. शुक्रवारपर्यंत मी इतका प्रसन्न होतो की कारभारींना फोन आपण होऊन केला. शनिवारी ओले. रविवारी फलकने चाक फिरवल्यावर अधिक ओले. माझे एक निरीक्षण मी तज्ज्ञांस नम्रपणे कळवले की, ही गळती शनिवारी होते व रविवारी वाढते. शनिवारचा थेंब पिवळसर असतो, रविवारचा काळा. ते हसले. 'यंत्राला वार कळत नाही, सर. कळला असता तर त्याने रविवारी सुट्टी घेतली असती.' मी आजवर पुष्कळ मूर्ख विधाने ऐकली आहेत, परंतु ती बहुधा विद्यार्थ्यांची असत आणि त्यांस गुण देणे माझ्या हातात असे.

इथे एका लेपाचा उल्लेख करणे अगत्याचे आहे. मारुतीच्या माथ्यावर, मडगार्डच्या आडोशाला, केशरी रंगाचा एक जाड थर होता. शौकतच्या मते तो तज्ज्ञांनी लावलेला सांधे बुजवण्याचा परदेशी मसाला होता. ('भारी माल दिसतोय, सर. मी छेडत नाही.') तज्ज्ञांच्या मते तो शौकतने लावलेला गावठी मसाला होता, आणि तो काढला तर आतले काय बाहेर येईल याची हमी ते घेऊ इच्छीत नव्हते. माझ्या मते तो गंज रोखणारा रंग होता. अशा रीतीने एका थराविषयी तिघांची तीन मते असून तिन्हींचा निष्कर्ष समान होता, तो म्हणजे, हात लावू नये. थर दर आठवड्यास किंचित वाढतो आहे असे मला वाटे. शौकत म्हणाला, 'गर्मीने फुगतो.' जानेवारीत! नाशिकमध्ये!

आता तर्काकडे वळतो. जिथे धूर तिथे अग्नी, हे अनुमान आपण वर्गात शिकवतो. त्याच धर्तीवर जिथे तेल तिथे गळती, असे आम्ही सर्व धरून चाललो होतो. परंतु तेल गाडीवर आहे एवढ्यावरून ते गाडीचे आहे, असे सिद्ध होत नाही. ही शंका मला कुठे आली असेल? स्वयंपाकघरात. एकट्या माणसाच्या घरी, जिथे आठवड्यातून चार दिवस खिचडी असते, शेंगदाण्याच्या तेलाचा डबा पूर्वीच्याच वेगाने रिकामा होत होता. त्याच सुमारास, एका शनिवारी, गोळ्यावरचा थेंब बोटावर घेऊन मी हुंगला. गाडीच्या तेलास कुजक्या अंड्याची घाण येते, हे तू मला पुष्कळदा हुंगायला लावून शिकवले होतेस. या थेंबास चिवड्याचा वास आला. मी शौकतला हुंगावयास सांगितले. तो म्हणाला, 'सर, तुम्हाला भूक लागलीय.'

तेव्हा मी ठरवले की, तेलाची वाट डोळ्यांनी पाहावी. वस्तू स्वच्छ पुसावी, तिच्यावर पांढरी भुकटी फवारावी, आणि भुकटीत ओलसर रेघ कुठून उतरते ते पाहावे. ही पद्धत तज्ज्ञांनीच कधीतरी सांगितली होती आणि स्वतः कधीही वापरली नव्हती. भुकटी आणावयास बाजारात जाण्याची आवश्यकता नव्हती. तुझ्या आरशासमोर डबा तसाच होता. तो मी उचलला, गाळ्यात नेला, आणि तुझ्या मारुतीस तुझी पावडर लावली. बंद गाळ्यात त्या वासाने जे झाले त्याचे वर्णन या पत्राच्या विषयाशी संबंधित नाही. मी दार उघडले व काही वेळ बाहेर उभा राहिलो. मासूमाभाभी वाळत घातलेले कपडे काढीत होत्या. त्यांनी नाक वर केले, माझ्याकडे पाहिले, आणि कपडे पुन्हा वाळत घातले, जणू ते अजून ओलेच होते.

तो शनिवार होता. शौकतने येऊन गाडी स्टँडवर चढवली, गिअरमध्ये टाकून चाक बराच वेळ फिरवले, गोळा चांगला तापू दिला, इंजिन बंद केले आणि 'चहा सांगून येतो' म्हणून तो गेला. मी चाकाजवळ स्टुलावर बसून भुकटीवर दृष्टी ठेवली. सीलच्या कडेने एक बारीक काळी रेघ उमटत होती. म्हणजे खरी गळतीही होतीच! मी वाकून पाहतो आहे तोच अंगणाकडील दार लोटले गेले आणि लंकाबाई आत आली. (ती सकाळी मासूमाभाभींकडचे अंगण झाडते आणि मग आपल्याकडे येते, हे तुला ठाऊक आहे, गाळ्याची एक किल्ली तिच्याकडे आहे, हे मला ठाऊक नव्हते.) स्टूल गाडीआड असल्यामुळे मी तिला दिसलो नाही. चपला तिने दाराशी काढल्या. हातात वाटी. वाटीत माझ्या स्वयंपाकघरातला चमचा. ती आली, वाकली, बोटाने माथ्यावर काहीतरी माखले, आणि मुखाने 'बजरंगबली' म्हणत चमचाभर तेल वरून सोडले. तेल माझ्या डोळ्यांदेखत तुझ्या पावडरीतून खाली उतरले.

मी उभा राहून गर्जना केली, 'लंकाबाई! हे काय चालले आहे?'

'आगं बया! सायेब व्हय? केवढ्यानं वरडता! तेल वाहते.'

'कोणाला?'

'मारुतीला.'

'इथे मारुती कुठे आहे?'

'ह्यो काय.' तिने चमच्याने दाखवले. 'दवाखान्यात बाईंनी हात धरून सांगितलं मला. लंका, दर शनवारी मारुतीचं तेल बघत जा, इसरू नको. मी नाय इसरले. एक शनवार नाय चुकवला. माझ्या जावयाची पंचाईत चालू व्हती, तवाबी आले.'

'बघ म्हणाली होती ना? बघणे म्हणजे तपासणे! आत तेल आहे की नाही ते पाहणे!'

'बघतेच की. वाळलेला दिसला का वाहते.'

'आणि हा शेंदूर?'

'नुसतं कोरडं तेल वाहत्यात व्हय कुठं?' ती माझ्याकडे अशा करुणेने पाहू लागली की, माझ्या शिक्षणावर झालेला सर्व खर्च तिला वाया गेलेला दिसत असावा. 'आन् तेल तुमच्याच घरचं घेते हां. बाईंच्या देवाला माझ्या घरचं कशाला? त्यांना नाय पोचायचं.'

माझा तोल सुटला. हे मी कबूल करतो आणि त्याबद्दल खेद व्यक्त करीत नाही. मी तिच्या हातातला चमचा घेतला आणि तो केशरी थर खरवडू लागलो. लंकाबाई ओरडली, 'नका सायेब, शनवार हाय!' मी म्हटले, 'वार कोणताही असो!' थर कडक झालेला होता. वर्षभराचे शनिवार एकावर एक बसलेले. खालपर्यंत चमचा घुसवला मात्र, तोच त्या गोळ्याने थेट माझ्या तोंडावर एक लांब, गरम, दुर्गंधीयुक्त सुस्कारा सोडला. फुस्स! चांगला लांब. मी मागे सरकलो तो स्टुलासकट पडलो. लंकाबाईने पदर पसरून दोन्ही हात जोडले. 'कोपला! म्हटलं नव्हतं?' शौकत चहाचे ग्लास घेऊन दारात उभा होता. तो म्हणाला, 'मी पहिल्या दिवशीच बोललो होतो, सर. हवेचा प्रॉब्लेम आहे.' (तो असे कधीही बोलला नव्हता. घाम, म्हणाला होता. घाम!)

जमिनीवर बसल्या बसल्या मला उलगडा झाला. त्या माथ्यावर सुईच्या टोकाएवढे एक छिद्र आहे. गोळा तापला की आतली हवा फुगते आणि त्या छिद्रावाटे बाहेर पडते. छिद्र बुजले, तर हवा कोंडते आणि कोंडलेली हवा तेलास जिथून वाट मिळेल तिथून बाहेर रेटते. सील नवे असो, जुने असो, परदेशी असो. शनिवारचे पिवळे तेल लंकाबाईचे. रविवारचे काळे तेल गाडीचे, परंतु तेही लंकाबाईमुळे. यंत्रास वार कळत होता. तो त्यास तुझ्या आज्ञेवरून शिकवण्यात आला होता.

आता मला सांग, उज्वला, मी कोणावर रागवावे? शौकतवर रागावलो तर तो चहा पाजतो. तज्ज्ञांस फोन केला तर ते म्हणाले, 'शेंदूर आमच्या अभ्यासक्रमात नव्हता.' लंकाबाईवर रागावणे अशक्य आहे, कारण तिने आज्ञेचे अक्षरशः पालन केले. आज्ञाच दोषयुक्त होती. म्हणजे राहिलीस तू. एक, तू यंत्राच्या भागास देवाचे नाव ठेवलेस. दुसरे, 'तपास' म्हणावयाच्या जागी 'बघ' म्हणालीस. आणि तिसरे, जे मी या जन्मी विसरणार नाही, ते असे की, आपल्या गाडीच्या तेलाची काळजी तू लंकाबाईवर सोपवलीस. मी दवाखान्यात रोज तुझ्या उशाशी होतो. दिवसच्या दिवस होतो. तू मला बँकेचे सांगितलेस, गॅसच्या पुस्तकाचे सांगितलेस, कुंडीतल्या तुळशीस किती पाणी घालावे तेही दोनदा सांगितलेस. मारुतीचे तेल मात्र लंकाबाईस! मी तिला तिथेच, जमिनीवरून, विचारले की, हे बाईंनी मला का सांगितले नाही. ती चमचा पदराने पुसत होती. म्हणाली, 'बाईच बोलल्या. सायबांना नको सांगू. त्यांना गाडीकडं बघवायचं नाय.'

शौकत ग्लास खाली ठेवून बाहेर गेला. एरवी त्या माणसाला कधी बाहेर जावे ते कळत नाही.

बघवायचे नाही! वर्षभर मी त्या गाडीकडे बघण्याखेरीज दुसरे केले काय? तुला हे ठाऊक असावयास हवे होते. इतकी वर्षे मागच्या आसनावरून मी तुझ्या पाठीपलीकडचे काही पाहिलेले नाही, त्यामुळे माझ्या दृष्टीविषयी तुझा गैरसमज झाला असणे शक्य आहे. तरी विचारावयास हवे होते. एकदा विचारावयास हवे होते. मी 'बघवणार नाही' असेच म्हणालो असतो, ही गोष्ट वेगळी.

असो. छिद्र मोकळे केले. सील, बूट, गोळा सर्व पुसून पुन्हा पावडर लावली. रविवारी फलकने नेहमीपेक्षा अधिक वेळ चाक फिरवले. भुकटी कोरडी. मी भिंगाने पाहिले. कोरडी. मासूमाभाभींनी शिरखुर्मा केला. ईद नव्हती, हे मी त्यांच्या निदर्शनास आणून दिले. 'मालूम है, भाईसाब,' त्या म्हणाल्या, 'खाओ.' गळतीचे प्रकरण याप्रमाणे निकालात निघाले असून कारभारींना तसे कळवले आहे. लिहिण्यासारखे आणखी काही नाही. रागावण्यासारखे पुष्कळ आहे, ते भेटीअंती बोलू.

तुझा (मतभेद राखून),
पुरुषोत्तम

ता. क. — लंकाबाईस तेल 'बघणे' म्हणजे काय ते प्रत्यक्ष दाखवले. तिने बुचात बोट घालून पाहिले आणि 'हाय' असे सांगितले. अहवाल समाधानकारक वाटला. मात्र मारुती उघडा पडला म्हणून ती माझ्याशी बोलत नाही. खिचडीत मीठ नसते.

ता. क. दुसरी — वर सर्व प्रकरण निकालात निघाले असे लिहिले आहे, त्यात एक दुरुस्ती. पुढच्या रविवारी गाडी पुन्हा गळाली. या वेळी खालच्या बुचातून. फलकने वाकून पाहिले आणि म्हणाली, 'काका, हा बोल्ट सैल आहे. आपोआप इतका सैल होत नाही.' मी म्हटले, कंपनांमुळे होत असावा. ती म्हणाली, 'गाडी उभीच आहे, काका.' मग तिने पाना मागितला. तो माझ्या खिशातून निघाला. तिने बोल्ट आवळला, पाना पुसून माझ्या हातात परत दिला आणि म्हणाली, 'मी पुढच्या रविवारी येते. की त्याच्या पुढच्या?' मी म्हटले, पुढच्याच. वर्षश्राद्धापूर्वी असे जाहीर केलेले आहे.

ता. क. तिसरी — पत्राचा खरा हेतू अद्याप लिहावयाचा राहिला आहे, तो असा. गळती थांबल्यामुळे मला रोज सकाळी उठून रागवण्यास सबळ कारण उरलेले नाही. वर्षभर ते होते आणि त्यावर माझे बरे चालले होते. यापुढे काय करावे याविषयी तुझे मार्गदर्शन व्हावे, ही विनंती. कृपया लंकाबाईमार्फत कळवू नये.

ता. क. शेवटची — आज रविवार. फलक गाडी घेऊन गेली. 'काका, बसा ना मागे, वडाळा नाक्यापर्यंत,' असा तिने आग्रह केला. मी दोनदा नकार दिला आणि बसलो. ती तुझ्यापेक्षा हळू चालवते. नाक्यावर उतरलो, तिला पुढे जाण्यास सांगितले, वळणापर्यंत टायर पाहिला, कोरडा होता. चालत परत आलो. गाळा झाडून घेतला. दाराला कुलूप लावले. लंकाबाईकडची धरून दोन्ही किल्ल्या मासूमाभाभींना परत केल्या.